पेल्याखालचा पेपर

मे महिन्यात सकाळी अकराच्या पुढे मी माझ्या गाळ्यात कुणाला केकवर फूल काढू देत नाही. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला हा गाळा, वर पत्रा, मागे उघडा कातळ. कातळ एकदा तापला की संध्याकाळपर्यंत निवत नाही. खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या असतात, एसी घरघरत असतो, तरी क्रीमची पिशवी धरलेला हात गरम होतो आणि गुलाबाची पाकळी कडेला सैल पडते. लोणी कधी हार मानतं ते डोळ्यांना कळत नाही, बोटाला कळतं. वीस वर्षांत माझी बोटं त्यात तरबेज झाली आहेत.

शेजारच्या गाळ्यात आंबा येतो. टेम्पो लागला, पेंढा भरलेल्या पेट्या उतरायला लागल्या की भिंतीवरून वास येतो. माझ्याकडच्या बायका हातातलं काम थांबवून लांब श्वास घेतात. मला मात्र गेली सहा वर्षं त्या वासाबरोबर एकच उन्हाळा आठवतो आणि चोरी पकडली गेल्यासारखं होतं.

केक बनवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं गाडीत असतं, आणि ते गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही. केक मांडीवर घेऊन बसायचं नसतं, मांडी गरम असते आणि हलते. सीटवर ठेवायचा नसतो, सीट मागे उतरती असते. तो ठेवायचा गाडीच्या सपाट तळावर, खाली रबरी जाळी, भोवती गुंडाळलेले टॉवेल. दोन मजली असेल तर वरच्याला आधार म्हणून खालच्या केकमध्ये काड्या रोवायच्या. आदल्या दिवसापासून फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करायचा. तो उचलण्याआधी अर्धा तास गाडी थंड करून ठेवायची. उन्हाच्या बाजूच्या काचेला ओला पंचा. एवढं सगळं करून झालं की मग सारं काही ड्रायव्हरच्या उजव्या पावलावर असतं.

ते पाऊल माझ्याकडे होतं. दत्तारामदादा. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, मूळचे लांज्याकडचे, घर इथंच मिरजोळ्यात. तरुणपणी आंब्याचे ट्रक मुंबईच्या बाजारात न्यायचे. नंतर स्वतःची व्हॅन घेतली आणि नऊ वर्षं माझे केक नेले. डॅशबोर्डवर त्यांनी रबराचा एक जाड तुकडा चिकटवला होता, मधोमध गोल भोक कापलेला. त्यात स्टीलचा पेला बसवायचे, बोटभर कमी ठेवून पाण्यानं भरायचे आणि पेल्याखाली त्या दिवशीच्या पेपरची घडी सरकवायचे. पोचल्यावर आधी त्या घडीला हात लावून बघायचे. ती कोरडी असली तरच मागचं दार उघडायचे. आरे-वारेची वळणं, मालगुंडचे गतिरोधक, सगळ्यावरून पेपर कोरडा. एकदा थेंब पडला होता तर तो त्यांनीच मला दाखवला. म्हणाले, मोरीपाशी कुत्रा आडवा आला ताई, एक थेंब गेला. केकला काही झालं नव्हतं. तरी सांगितलं.

आता माझ्याविषयी. मी घासाघीस करणारी बाई आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून आले, नवरा लवकर गेला, कुकरमध्ये वाळू घालून पहिला केक भाजला तो शेजारणीच्या मुलाच्या वाढदिवसाला. कुणी आणून दिलं नाही, जे मिळवलं ते ओढून घेतलं. मच्छीबाजारात वाट्यावर एक बांगडा वर पडल्याशिवाय मी उठत नाही, आणि कोळणी मला लांबून बघितलं की आधीच एक बाजूला काढून ठेवतात. ठरलेल्याच्या वर काहीतरी मिळालं पाहिजे, ही माझी खोड. गाडी ठरवली तर अख्खी गाडी माझी. तिच्यात एक कोपरा रिकामा गेला तरी तो माझ्या डोळ्यांत खुपतो. रागाचंही तसंच. तो मी कधी साठवून ठेवला नाही, आला की समोरच्याच्या पदरात टाकला.

एकच राग साठवला. माझी थोरली बहीण, अक्का, गुहागरला दिलेली. नारळ-सुपारीची वाडी, मोठं घर. माझं नाव रत्नागिरीत झालं, तरी अक्काच्या घरच्या कार्याला केक यायचा तो पुण्याहून. मी एकदा विचारलं तेव्हा अक्का म्हणाली, "तुझे केक चांगलेच असतात गो शैले, पण कार्याला..." आणि पुढचं वाक्य तिनं चहाबरोबर गिळलं. ते 'पण' मी आजही विसरलेली नाही. हे असं लिहायला बसल्यावर माणसानं मोठ्या मनाचं व्हावं म्हणतात. मला या एका बाबतीत ते जमत नाही.

सहा वर्षांपूर्वी अक्काच्या मुलीचा, मृणालचा साखरपुडा ठरला. केक मावशीचाच हवा म्हणून ती पोरगी आईपाशी हटून बसली. अक्कानं फोन केला. दोन मजली, फिकट गुलाबी, लोण्याच्या क्रीमचे गुलाब असं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "येताना आंबे नको आणूस हो. आमच्या गुहागरचा आंबा काही तुमच्या रत्नागिरीपेक्षा कमी नाही."

ती सहज म्हणाली असेल. मला ते सहज लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मी भाट्याच्या पुढच्या एका बागायतदाराकडे गेले आणि चार पेट्या हापूस उचलला. पुठ्ठ्याचे खोके नकोत, लाकडी पेट्या हव्यात, आत पेंढा हवा, उघडल्यावर व्याही मंडळी बघत राहिली पाहिजेत. आणि आंबा असा हवा की त्याच दिवशी खाता येईल. निम्मा पिकलेला, दोन दिवसांत तयार होणारा. मी एकेक फळ हातात घेऊन निवडलं.

पिकायला लागलेला आंबा पेंढ्यात गरम असतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या वाडीत माळ्यावर आढी घालायचे. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर आंबा, वर पुन्हा पेंढा. आई रोज सकाळी आढीत कोपरापर्यंत हात घालायची आणि डोळे मिटून थांबायची. ऊब किती आहे त्यावरून आंबा कधी फिरवायचा ते तिला कळायचं. एकदा तिनं माझा हात धरून आत घातला होता. ताप आलेल्या पोराच्या पाठीला हात लावावा तसं लागलं होतं. ती ऊब माझ्या हाताला ठाऊक होती. लोण्यावर तर माझं पोटच चालतं. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली बाई मी, आणि त्या दोन गोष्टी मी एका बंद गाडीत शेजारी शेजारी ठेवल्या.

दत्तारामदादांनी पेट्या बघितल्या तेव्हा मी फाटकाला कुलूप लावत होते. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, पेट्या नको केकबरोबर. हा आंबा पिकायला लागलाय, तो आग टाकतो. मी ट्रकात बघितलंय."

मी म्हटलं, एसी आहे ना गाडीला. ते म्हणाले, फेरीबोटीवर इंजिन बंद ठेवावं लागतं. मी म्हटलं, पंधरा मिनिटांनी काय होतंय, आणि गाडी मी ठरवलीये की तुम्ही.  चारही पेट्या त्यांनीच उचलून केकच्या दोन्ही बाजूंना लावल्या, मध्ये मिळाला तेवढा टॉवेल कोंबला आणि पेला भरला.

जयगडला बोटीसाठी रांग होती. पर्यटकांच्या गाड्या, सुट्टीचे दिवस. दोन बोटी सुटल्या, तिसरी मिळाली. रांगेत एसी चालू होता पण उभ्या गाडीत तो नावापुरताच. बोटीवर चढल्यावर इंजिन बंद झालं. दत्तारामदादांनी बाटलीतलं पाणी ओतून पंचा पुन्हा भिजवला, काचेला लावला आणि उन्हाच्या बाजूला स्वतः छत्री धरून उभे राहिले, केकवर सावली पडावी म्हणून. मी पुढच्या सीटवर बसून पदरानं वारा घेत होते. गाडीत आंब्याचा वास दाटला होता आणि मला तो आवडत होता. व्याह्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येत होते.

अक्काच्या अंगणात मांडव घातलेला, खुर्च्या भरलेल्या. मृणाल धावत आली. मागचं दार उघडलं. वरचा मजला काड्यांवरून घसरून खोक्याच्या भिंतीला टेकला होता. गुलाब पाघळून एकात एक गेले होते, जत्रेतल्या मेणाच्या बाहुल्या उन्हात ठेवल्यासारखे. मागे अक्का उभी होती आणि तिच्या मागे व्याही.

मी तेव्हा एक गोष्ट बघितली. हे मी आजवर कुठं बोलले नव्हते. दार उघडण्याआधी दत्तारामदादांनी नेहमीप्रमाणे पेल्याखालच्या घडीला हात लावला होता, आणि मी पुढच्याच सीटवरून उतरत होते. घडी कोरडी होती. त्यावरची अक्षरंसुद्धा फुगलेली नव्हती. मी ते बघितलं होतं, आणि तरी माझं तोंड सुटलं.

ब्रेक मारायची अक्कल नाही तर गाडी कशाला चालवता, इथून सुरुवात केली. आवाज मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला असणार. आणि शेवटी म्हणाले, "आंब्याचे ट्रक हाकणारा माणूस. त्याला नाजूक काम काय कळणार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पेट्यांकडे. एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. पण त्या पेट्या मी अक्कासाठी मिरवत आणल्या होत्या आणि व्याही ऐकत होते. त्यांनी डॅशबोर्डवरचा पेला काढला, त्यातलं पाणी अंगणातल्या जास्वंदीच्या बुंध्याशी ओतलं, पेपरची घडी खिशात घातली आणि गाडी सावलीला नेऊन लावली.

केक मी सावरला. क्रीम खरवडली, वरचा मजला काढून टाकला, अक्काच्या वाडीतली मोगऱ्याची आणि अबोलीची फुलं कडेनं लावली. लोकांना बरा वाटला. मृणालनं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. "मावशी, याला आंब्याचा वास कसला सुंदर येतोय. रस घातलायस?"

लोणी वास धरतं. कांद्याशेजारी ठेवलं तर कांद्याचा, आंब्याशेजारी ठेवलं तर आंब्याचा. त्या घासाबरोबर मला सगळं कळलं, म्हणजे जे आधीच कळत होतं ते टाळता येईना. तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी म्हटलं, "हो, घातलाय थोडा." अक्का म्हणाली, वा. तिच्या तोंडून ते 'वा' ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते, ते सोडवलं नाही.

 मिरजोळ्याला आल्यावर त्यांनी रिकामा पुठ्ठा उतरवून दिला, "येतो ताई" म्हणाले आणि गेले. त्यानंतर मी त्यांना बोलावलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं की सांगायचे, ब्रेक जोरात मारतात. एकदा सांगितलं, मग दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं. केक करणाऱ्या आणखी तिघीचौघी आहेत गावात, सजावटीवाले आहेत, काचेचं सामान नेणारे आहेत. सगळ्यांपर्यंत गेलं. हळूहळू त्यांच्या व्हॅनमध्ये सिमेंट दिसायला लागलं, पोल्ट्रीचं खाद्य दिसायला लागलं. आपटलं तरी चालतं असा माल.

आणि माझा तो आंब्याच्या वासाचा केक नावाजला. लोणी दोन दिवस आंब्याच्या पेटीशेजारी झाकून ठेवायचं, मगच क्रीम करायची. मे महिन्यात त्याच्याइतकी मागणी दुसऱ्या कशाला नाही. कृती कुठून शिकलात असं विचारतात. मी हसते. लोकांना ते गुपित राखणं वाटतं.

या वर्षी मृणालचा फोन आला. मुलीचा पहिला वाढदिवस गुहागरला, आजोळी करायचाय, केक मावशीचाच. फोन ठेवला तेव्हा शेजारी टेम्पो लागला होता आणि वास भिंतीवरून येत होता. माझ्याकडे आता दोन गाड्या आहेत, दोन ड्रायव्हर आहेत. तरी मी उठले आणि दत्तारामदादांच्या घरी गेले.

ते व्हॅनच्या तळाला चिकटलेलं सिमेंट खरवडत होते. केस पूर्ण पांढरे झालेत. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की माझ्या दोन्ही गाड्या बाहेर गेल्यात, अडचण झाली आहे. त्यांनी मान वर केली. माझी एक गाडी त्यांच्या फाटकात उभी होती, तिच्यातूनच मी उतरले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठं जायचंय?"

"गुहागरला."

"पेट्या?"

"नाहीत," मी म्हटलं. भाडं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माझ्यासारखीला हे किती अवघड जातं ते कोळणींना विचारा.

ठरल्या दिवशी व्हॅन आली ती आतून धुतलेली, दारं उघडी टाकून वाळवलेली. खाद्याचा वास अगदी कोपऱ्यात थोडा उरला होता. डॅशबोर्डवर रबराचा तुकडा होता, भोक रिकामं होतं. पेला कुठं, असं मी विचारलं. नात खेळायला घेऊन गेली, म्हणाले. त्यांना नात आहे हे मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी गाडी सुरू केली आणि जयगडपर्यंत मला एकही गतिरोधक जाणवला नाही.

गुहागरला मागचं दार उघडलं तेव्हा केक मी गाळ्यात ठेवला होता तसाच होता. बारीकशी निळी फुलं, वरची मोत्यांची ओळ, सगळं जागच्या जागी. अंगणात घरचीच माणसं, साखरपुड्याला होती तीच, सहा वर्षांनी थोराड झालेली. केक कापला, वाटला. दत्तारामदादा फाटकाशी जास्वंदीजवळ पोह्यांची बशी घेऊन उभे होते. अक्का खाता खाता म्हणाली, "छान आहे. पण त्या साखरपुड्याच्या केकला काय वास होता गो. तसा आज नाही जमला तुला."

मी म्हटलं, "त्यात आंबा नव्हताच, अक्का. मी तुझ्यावर मात करायला म्हणून चार पेट्या गाडीत भरल्या होत्या. त्यांच्या उबेनं केक बसला. दत्तारामदादांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

 अक्का हसायला लागली. म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं लोकांना पेंढ्याचा वास विकतेस की." सगळे हसले. जावई म्हणाले, मावशींचं डोकं धंद्याचं. कुणीतरी विचारलं, दत्ताराम कोण. मृणालनं फाटकाकडे बोट दाखवलं, तोवर बाळानं क्रीममध्ये हात घातला होता आणि सगळे फोटो काढायला धावले.

त्यांच्यासाठी ते कधीच संपलं होतं. मी जे इतकी वर्षं छातीशी धरून होते ते त्यांनी बशीबरोबर बाजूला ठेवलं. मला हलकं वाटलं, अगदी थोडा वेळ. मग लक्षात आलं की मी इथंही घासाघीस केली. पेट्यांचं सांगून टाकलं, कारण त्यात मी फक्त मूर्ख ठरत होते. पेपरचं ठेवून घेतलं.

निघताना अक्कानं तिच्या वाडीतल्या आंब्याची एक पेटी आणवली. "ने. खाऊन बघ, मग सांग कुठला गोड." मी नको नको करत होते. दत्तारामदादांनी पुढे होऊन पेटी घेतली आणि केक ठेवला होता नेमक्या त्याच जागी ठेवली.

"आता चालेल ताई," ते म्हणाले. "आता गाडीत नाजूक काही नाही."

खाडीच्या गुहागरकडच्या काठाला, तवसाळला, बोट लागलेलीच होती. आमची व्हॅन शेवटची चढली. इंजिन बंद झालं, काचा खाली केल्या, खाडीचं पाणी उन्हात चकाकत होतं. दत्तारामदादा या वेळी खाली उतरले नाहीत. सावली धरावी असं गाडीत काही नव्हतं. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत होते. मी मागे हात नेऊन पेटीच्या फळ्यांच्या फटीतून बोटं आत घातली. पेंढा गरम होता.

"दत्तारामदादा," मी म्हटलं, "त्या दिवशी पेपर कोरडा होता."

त्यांनी चाकावरचा एक हात खाली घेतला.

"मी बघितला होता."

त्यांनी रिकाम्या रबराच्या भोकात बोट घालून कडेनं एकदा फिरवलं. 

"तुम्ही बघितलात," ते म्हणाले, "ते मला तेव्हाच दिसलं होतं, ताई."

जयगडचा धक्का जवळ येत होता. पुढच्या गाड्यांनी इंजिनं सुरू केली होती. त्यांनीही किल्ली फिरवली, आणि बोटीच्या फळीवरून व्हॅन धक्क्यावर उतरली तेव्हा मला कळलंसुद्धा नाही.